जा रे, एक खर्रा घेऊन ये

पूर्व विदर्भात एस.टी. जिथे थांबते तिथे पानठेला असतोच. गावात किराणा दुकान नसेल, दवाखाना तर नसेलच, पण ठेला असतो. सकाळी ठेलेवाला पन्नीचे, म्हणजे पातळ प्लास्टिकचे, चौकोन कापून ठेवतो. एका चौकोनावर कातरलेली सुपारी, तिच्यावर तंबाखू, बोटभर चुना, पाण्याचा शिंतोडा. मग पन्नी मुरगळून घट्ट बांधायची आणि घोटायची. सुपारी नरम पडेपर्यंत, तंबाखू आणि चुना तिच्यात मुरेपर्यंत घोटायची. आता त्यासाठी मशीनही निघाल्या आहेत. तिकडे पुण्या-साताऱ्याकडे याच्याच भावंडाला मावा म्हणतात, आमच्याकडे खर्रा. चिमूट काढायची, गालात धरायची, पन्नी पुन्हा मुरगळून खिशात. कोणी भेटलं की खिशातून ती पन्नी पुढे होते. घेतली नाही तर समोरच्याला वाटतं, काहीतरी बिनसलंय.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. माहेर वैनगंगेच्या पलीकडचं, चंद्रपूर जिल्ह्यातलं. म्हणजे खर्रा मला दोन्ही काठांवरून माहीत आहे. आणि बरीच वर्षं पोरांमध्ये काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

पोरं व्यसनाला कशी लागतात, असं कोणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं: वाईट संगत. वर्तमानपत्रांत एम.डी. या रासायनिक नशेच्या बातम्या येतात, महामार्गावर पकडलेल्या गांजाचे फोटो येतात आणि आईबापांना वाटतं, कोणीतरी अनोळखी माणूस शाळेच्या भिंतीआड उभा आहे आणि तो आपल्या लेकराला बिघडवणार आहे. तसे लोक आहेत, त्यांना पकडलंच पाहिजे. पण आमच्या भागातल्या पोराच्या हाती पहिली पुडी त्याच्या घरचा माणूस देतो. दुपारी अंगणात बाजेवर पडलेला बाप म्हणतो, "जा बापू, एक खर्रा घेऊन ये. चिल्लर उरली तं ठेव तुले." पोरगं पळत जातं. सात वर्षांचं असतं, आठ वर्षांचं असतं. ठेल्यावर त्याला नावाने ओळखतात. येता येता पन्नी उघडून बघणं, बोट लावून चाटणं, हे काही कोणी शिकवावं लागत नाही.

२०१९ साली भारतातल्या १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलामुलींचं तंबाखूविषयीचं सर्वेक्षण झालं, जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाची ती चौथी फेरी. त्यात ८.५ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती. हा आकडा ऐकून काहींना हायसं वाटेल. मला त्यातला दुसरा आकडा सोडत नाही. धूर नसलेली, म्हणजे खाण्या-चोळण्याची तंबाखू ज्यांनी कधी तोंडात घातली होती, त्यांच्यातल्या ५२ टक्क्यांनी ती वयाची दहा वर्षं पूर्ण होण्याआधी घातली होती. बिडीसाठी हे प्रमाण ४७ टक्के, सिगारेटसाठी ३८. दहा वर्षांच्या आतल्या पोराला कसली आली संगत? ते घरात असतं, अंगणात असतं, आजीच्या मागे मागे असतं. त्याची संगत म्हणजे आपणच.

आजीचं नाव मुद्दाम घेतलं. पुरुषांचा खर्रा सगळ्यांना दिसतो, बायांची नस, म्हणजे दातांना चोळायची तंबाखूची पूड, दिसत नाही. सकाळी दातांना नस चोळत बसलेली बाई चुलीपुढे असते, मोरीपाशी असते. तिकडे मिश्री, इकडे नस. पोरी तिथेच शिकतात. मुलींच्या दप्तरात कोणी बघत नाही, कारण व्यसन हे पोट्ट्यांचं काम, असा आपला ग्रह. माझ्या वर्गातल्या एका मुलीला पोटदुखीवर आईनेच नस दिली होती. "दुखते तं थोडीशी लावून घे." आईने मायेनेच दिली होती, त्यामुळे तिच्यावर रागवायचं तरी कसं?

शाळेत दातांचं शिबिर झालं तेव्हाची गोष्ट. तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी काही यंत्रं काढली नाहीत. प्रत्येकाला म्हणाल्या, आपली तीन बोटं एकावर एक उभी धर आणि दातांच्या मध्ये घाल. करून बघा, निरोगी माणसाची सहज जातात. पोरांना गंमत वाटली, हसत हसत रांग पुढे सरकत होती. आठवीतला एक मुलगा आला. कबड्डीत चपळ, अभ्यासात बेताचा, वर्गात सगळ्यांचा लाडका. त्याने बोटं घातली. दोन गेली. तिसरं जाईना. त्याने मान तिरकी करून पाहिली, बोटं ओली करून पाहिली. मागची पोरं अजून हसतच होती. डॉक्टरीणबाईंनी त्याचा गाल आतून बोटाने चाचपला आणि विचारलं, "तिखट लागतं का रे जेवताना?" तो म्हणाला, "माय तिखटच नाही टाकत आता भाजीत. मले झोंबते."

मला त्या 'आता'ने धक्का बसला. घरात कुठल्यातरी दिवशी त्या माउलीने भाजीतलं तिखट कमी केलं होतं. पोराला झोंबतं म्हणून, प्रेमाने. ती खूण कसली आहे, हे तिला सांगणारं कोणी नव्हतं. सुपारीने गालाच्या आतली त्वचा राठ होत जाते, पांढरट पडते, दोरीसारखे पट्टे धरतात आणि तोंड उघडायचं हळूहळू कमी होतं. आधी झोंबतं, मग जांभई पुरती येत नाही, मग घास लहान करावा लागतो. एकदा आवळलेलं तोंड पूर्वीसारखं होत नाही, खाणं सोडलं तर पुढचं बिघडणं थांबतं एवढंच. त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. आणि हे काम नुसती सुपारीही करते. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. तरी रंगीत पाकिटातली गोड सुपारी आपण चॉकलेटच्या शेजारी टांगलेली बघतो आणि पोरांना घेऊन देतो.

त्या मुलाचं नाव मी लिहिणार नाही. तो आज बरा आहे, खर्रा सुटला आहे, तिसरं बोट अजून जात नाही.

शाळेत असं काही निघालं की पहिला उपाय सुचतो तो शपथेचा. मग प्रभातफेरी, चित्रकला स्पर्धा, घोषवाक्यं, एखाद्या पाहुण्याचं व्याख्यान आणि सडलेल्या तोंडांचे फोटो. हे सगळं मीही वर्षानुवर्षं भरवत आले आहे आणि त्यात पोरं मनापासून भाग घेतात. पण संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून व्यसन-प्रतिबंधाची मानकं काढली आहेत. जगभरातले अभ्यास चाळून काय उपयोगी पडतं आणि काय नाही, हे त्यांत सांगितलं आहे. नुसती माहिती देणं, भीती घालणं, व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला उभं करून त्याची कहाणी ऐकवणं, एवढ्याने पोरं व्यसनापासून लांब राहतात असं आढळलेलं नाही. उपयोगी पडतात त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी: आईबापांना मुलांशी बोलायला शिकवणं, 'नाही' म्हणायचा सराव वर्गात वारंवार करून घेणं, शाळेत मुलाला आपलेपणा वाटणं, वस्तू सहज मिळू न देणं. फलक लावून होणारी यांत एकही नाही.

बरं, ते दिवस तरी सोयीचे असावेत! जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मेला येतो. विदर्भात तेव्हा भर उन्हाळा, शाळा बंद, पोरं मामाच्या गावी आणि गावोगाव लग्नं. लग्नाच्या मांडवात काय असतं, ते पुढे सांगते.

कायद्यांची आपल्याकडे कमी नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांत तर कोणालाच विकता येत नाही. मोडलं तर दंड २०० रुपयांपर्यंत. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, पुढे सुगंधित तंबाखू, खर्रा, मावा हेही बंदीखाली आले. दंडाची भीती कोणालाच नसते, कारण तो क्वचित होतो. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ७७ वं कलम आहे. मुलाच्या हाती दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एकाच पुडीला एका कायद्यात दोनशे रुपये आणि दुसऱ्यात सात वर्षं. ते कलम आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून शाळेच्या फाटकावर लावलं, तेव्हा पालकांपैकी एकजण बराच वेळ वाचत उभा राहिला आणि म्हणाला, "हे तं घरच्यालेबी लागू होते ना, मॅडम?" देणारा कोण, हे ते कलम बघत नाही, एवढं मी त्याला सांगितलं. तो काही न बोलता निघून गेला. त्याच्या डोक्यात काय फिरत असेल, ते मला कळत होतं.

गावाने मिळून नशेशी लढणं हे गडचिरोलीला नवीन नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी इथल्या बाया दारूविरुद्ध उठल्या. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था त्यांच्याबरोबर होती, गावोगावच्या संघटना होत्या, मोर्चे निघाले आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. वर्धा आधीपासून गांधीजींच्या नावाने कोरडा होता. चंद्रपूर २०१५ मध्ये झाला आणि २०२१ मध्ये तिथली बंदी उठली. नदीच्या एका काठाला दुकान उघडं, दुसऱ्या काठाला बंद, अशी आमची परिस्थिती. बंदीने काही होत नाही, चोरून मिळतेच, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. चोरून मिळते, खरं आहे. पण माझा विद्यार्थी शाळेत येताना बारच्या पाटीखालून येत नाही. पगाराच्या दिवशी दुकानापुढे लागलेली रांग त्याला दिसत नाही. दारू ही चोरटी गोष्ट आहे, एवढं त्याला न सांगता कळतं. ही कमाई लहान नाही, आणि ती टिकवायला रोज कोणीतरी झिजतं आहे.

त्या झिजणाऱ्या माणसांना मी जवळून पाहिलं आहे. २०१६ पासून जिल्ह्यात 'मुक्तिपथ' ही दारू-तंबाखूविरोधी मोहीम चालू आहे. सर्च, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट मिळून. त्याचा कणा म्हणजे गाव संघटना, आणि संघटनेचा कणा म्हणजे पन्नाशीच्या बाया. मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली मोहफुलं, जंगलात कुठे पुरून ठेवला आहे, हे त्यांना वासावरून कळतं. रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन जातात, मडकी शोधतात, सडवा मातीत ओततात, विकणाऱ्याशी भांडण न करता बोलतात आणि पुन्हा तेच केलं तर पोलिसांना बोलावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला धानाच्या बांधीत हजर. विकणारा बहुतेक वेळा नात्यातलाच असतो. दीर, भाचा, शेजारी. त्याला अडवायला जी हिंमत लागते, ती परक्याला अडवायला लागत नाही. उरलेल्या महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान आहे. २५ टक्के बायांनी सह्या करून मागणी करायची आणि एकूण महिला मतदारांतल्या निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी करायची. तिथेही मतदानाच्या दिवशी घरून बाहेर पडायलाच काहींना मार खावा लागतो.

आमच्या गावात खर्र्याचा विषय निघाला तो याच बायांमध्ये, बचत गटाच्या बैठकीत. दारूवर बोलणं झालं होतं, हप्ते गोळा झाले होते, उठता उठता मी त्या तीन बोटांचं सांगितलं. सगळ्याजणींनी आपापली बोटं घालून पाहिली. कोणी हसलं नाही. एकीची दोन गेली. ती पदराने तोंड झाकून बसून राहिली.

मग ठरलं की ठेला बंद करा, असं म्हणायचं नाही. तो चालवणारा माणूस एका हाताने अधू आहे, त्याच्या घरी दोन लेकरं आहेत आणि शेती नाही. ठेला बंद झाला तर तीच वस्तू तीन घरांतून मिळेल. गावाने एवढंच ठरवायचं: लहान पोराला खर्रा आणायला कोणी धाडायचं नाही आणि ठेल्यावर पोराच्या हाती कोणी द्यायचा नाही. ज्याला खायचा त्याने आपल्या पायाने जायचं.

हे सांगायला आम्ही गेलो तेव्हा ठेलेवाला हात जोडून म्हणाला, "मॅडम, मले काय हौस आहे का? पोट्टं येते, बापाचं नाव सांगते. नाही देलं तं बाप रात्री येऊन शिव्या देते." एक बाई पुढे झाली. म्हणाली, "शिव्या देल्या तं आमाले सांग. आमी येतो ऐकाले." त्याने मान हलवली. त्याला खरोखर बरं वाटल्याचं चेहऱ्यावर दिसलं. एकट्याला नाही म्हणता येत नव्हतं, आता गावाच्या नावाने म्हणता येणार होतं.

ग्रामसभेत हा ठराव सोपा जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. ठेल्यावर उधारी असणारे गप्प होते, पण म्हातारे उठले. एक आजोबा काठी टेकत उभे राहिले. "माहे गुडघे गेले. मी जाऊ कसा? नातवाले नाही धाडू तं कोणाले धाडू?" प्रश्न खरा होता. त्यावर कोणी उपदेश केला नाही, हे मला फार आवडलं. त्यांच्या सुनेने सांगितलं, मी सकाळी बाजारात जाताना आणीन, दिवसाचा एकच आणीन, पोराले हात लावू देनार नाही. आजोबांनी मान्य केलं, कुरकुरत का होईना. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांचा तो एकही अर्ध्यावर आला होता, कारण मागायचा कोणाला, तर सुनेला, आणि सुनेला दोनदा मागायचा संकोच.

मला हेच म्हणायचं आहे. पोराला आपण जेवढं शिकवतो, त्याच्या कितीतरी पट त्याच्याकडून करून घेतो. ते करून घेणं थांबवलं की निम्मं काम होतं. शपथ पोराला देण्याआधी ग्रामसभेने घ्यायची असते.

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गोंड गाव, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं. जंगलासाठी त्याचं नाव झालं, पण या गावाच्या एकीची सुरुवात ज्या गोष्टींनी झाली त्यांत दारूवरचा निर्णयही होता. बायांनी लावून धरला आणि सगळ्यांच्या एकमताने झाला. तिथे एकही विरोधात असेल तर निर्णय होत नाही, पुन्हा बसतात. त्याच लोकांनी आपलं गोटुल नव्याने बांधलं. गोटुल म्हणजे तरुण पोरापोरींची संध्याकाळची जागा. तिथे नाच-गाणं होतं, गोष्टी होतात, कामाचं ठरतं, मोठ्यांचा धाक असतो पण मोठे डोक्यावर बसलेले नसतात. जंगलखात्याने ते सागवानाचं म्हणून पाडलं, तेव्हा आजूबाजूची गावंही त्यांच्या बाजूने उभी राहिली. इतकं ते महत्त्वाचं का वाटलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास तरुण पोराचं काय करायचं, याचं उत्तर त्या समाजाकडे पिढ्यांपासून होतं. आमच्या गावांकडे नाही. आमच्याकडे त्या तीन तासांत ठेल्याची फळीच तेवढी उजेडात असते.

आइसलँडसारख्या दूरच्या देशाने नेमका हाच प्रश्न हातात घेतला. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारी मुलं २३ टक्क्यांवरून ३ वर. तिथे दरवर्षी शाळांतून सर्वेक्षण झालं आणि प्रत्येक वस्तीला तिचा स्वतःचा निकाल हाती मिळाला. मुलांच्या खेळ-संगीताच्या फीसाठी पैसे दिले गेले. ठरलेल्या वेळेनंतर पोरांनी रस्त्यावर असायचं नाही, हा नियम पाळायला आईबाप आळीपाळीने रात्री वस्तीत फेरी मारू लागले. त्यांच्याकडे पैसा आहे, लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे, हे सगळं मान्य. पण आळीपाळीने फेरी मारायला पैसा लागत नाही. आमच्या बाया सडवा शोधायला रात्री फिरतातच की.

आमच्याकडे संध्याकाळच्या जागेची सुरुवात वेगळ्याच वाटेने झाली. गावात चार-पाच पोरं पोलिस भरतीची तयारी करतात. गडचिरोलीत घरटी एक तरी स्वप्न त्या भरतीचं असतं. १६०० मीटर पळायचं असतं आणि गालात खर्रा ठेवून पळणाऱ्याला तिसऱ्या फेरीत धाप लागते. म्हणून त्यांनी सोडला. कोणाच्या व्याख्यानाने नाही, घड्याळाने सोडवला. ती पोरं संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पळायला लागली. मग आठवी-नववीतली मागे मागे पळू लागली. नववीच्या मुली बाजूला उभ्या राहून बघायच्या, मग त्यांनी सांगितलं, आम्हालाही यायचंय. सोबतीला दोन आया येऊन बसू लागल्या आणि मुलीही पळायला लागल्या. त्या दादांनी पन्नी काढली नाही तर ही पोरं काढत नाहीत. माझ्या शंभर सूचनांपेक्षा त्या पोरांचं नुसतं तिथे असणं कामाला येतं, आणि मला त्याचं मनापासून समाधान आहे.

पण पोरं अडकत नाहीत असं नाही. एका मुलाकडे पंक्चरचं सोल्युशन सापडलं, रुमालावर ओतून हुंगायचं. २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशभरच्या सर्वेक्षणात हुंगायची नशा हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त आहे: मोठे ०.५८ टक्के, मुलं १.१७ टक्के. ते मूल शाळेतून काढून टाका, असं सुचवणारेही निघाले. काढलं असतं तर ते गेलं असतं कुठे? मैदान आणि वर्ग या दोनच जागा त्याला धरून ठेवणाऱ्या होत्या. आम्ही त्याला काढू दिलं नाही, जिल्ह्याच्या दवाखान्यात समुपदेशकाकडे नेलं, त्याचा काका दर आठवड्याला सोबत जायचा. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. तेव्हापासून व्यसन हा आजार आहे आणि रुग्णाबरोबर त्याचं घरही आजारी असतं, हे मराठी माणसाला पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं आहे. मुलाच्या बाबतीत आपण ते अजूनही विसरतो आणि त्याला शिक्षा करायला धावतो.

आता मांडवाचं. आमच्याकडे लग्नात, तेरवीत खर्र्याचं ताट फिरतं. जेवण कमी पडलं तर चालेल, ताट कमी पडलं तर नाव जातं. आणि ते ताट फिरवायचं काम कोणाकडे? नवे कपडे घातलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांकडे. पाहुण्यांपुढे वाकून धरायचं, तेही खूश, पाहुणेही खूश. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत बायांच्या मजुरीबरोबर खर्रा द्यावा लागतो, नाही दिला तर दुसऱ्याच्या बांधीत जातात. झाडीपट्टीच्या नाटकाच्या रात्री मांडवाबाहेर ठेल्यांची रांग लागते, पहाटेपर्यंत. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर गावोगाव फिरतात. आमच्या भागाचं हे वैभव आहे, मी स्वतः रात्ररात्र बसून बघते. मागच्या हंगामात आमच्या मंडळाच्या पोरांनी नाटक ठरवताना एक अट टाकली, मैदानाच्या फाटकाच्या आत ठेला लागणार नाही. ठेले बाहेर लागले, रस्त्याच्या पलीकडे. तेवढं अंतर चालून जायचा कंटाळा करणारे बरेच निघाले. प्रवेश चुकेल म्हणून.

रोवणीचं बोलणं बायांनी स्वतः सुरू केलं आहे. खर्र्याचे पैसे मजुरीत धरा आणि रोख द्या, अशी मागणी. शेतकऱ्यांतले निम्मे तयार आहेत, निम्मे म्हणतात, रोख दिले तरी त्या ठेल्यावरच जातील. जातीलही. पण बांधीवर बाईच्या मागे चिखलात खेळणारं लेकरू निदान मालकाला खर्रा वाटताना बघणार नाही.

येत्या ग्रामसभेआधी बालसभा घ्यायची आहे. नववीच्या मुलींनी मागण्या लिहून माझ्याकडे आणून दिल्या. मला वाटलं होतं, पहिली मागणी ताटाची असेल. पहिली मागणी मैदानावर दिव्याची आहे, कारण हिवाळ्यात साडेपाचला अंधार पडतो आणि मुलींना घरी बोलावून घेतात. दुसरी, वाचनालय सुट्टीतही उघडं ठेवा. ताट तिसऱ्या नंबरला आहे: 'लग्नात आणि तेरवीत लहान मुलांना खर्र्याचे ताट फिरवायला लावू नये.' ग्रामपंचायतीच्या सदस्यांशी बोलले. दिव्याला निधी निघेल म्हणतात, वाचनालयाची किल्ली मी ठेवणार आहे. ताटाचं नाव काढल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मे महिन्यात गावात नऊ लग्नं ठरलेली आहेत, त्यांतलं एक सरपंचांच्या घरचं. वरमाय बचत गटात आहे. तिच्याशी बोलायला उद्या संध्याकाळी आम्ही तिघी जाणार आहोत.